चाकांच्या शिडीची मोहीम आणि दोन मजल्यांचा तह

प्रथम स्मरण त्या पत्राचे, ज्याचे उत्तर गेले नाही. राज्ये तलवारीने बुडाली, फितुरीने बुडाली, ऐसे थोर थोर लिहून गेले; परंतु एका दुमजली इमारतीचा सलोखा एका अनुत्तरित पत्राने बुडाला, हे कोणी लिहिले नाही, म्हणोन लिहिणे प्राप्त जाहले. लिहिणाराची योग्यता बेताची, आणि तीविषयीही त्यास शंका. तरी अधिकउणे दिसेल ते वाचणारांनी सांभाळून घ्यावे.

तर वर्तमान ऐसे. इमारतीचा खालचा मजला घरमालकांचा. घरमालक पेशाने घड्याळजी. एका डोळ्यास भिंग लावून बसत, आणि भिंग काढिले तरी त्या डोळ्यावरची भुवई चढलेलीच राही, त्यामुळे समोरच्यास सदा वाटे की आपले बोलणे यांस पटले नाही. पुढल्या खोलीत दुकान, आणि दुकानाच्या भिंतींस टोलाची घड्याळे इतकी दाटीने टांगलेली की भिंतीचा रंग कोणता हे खुद्द मालकांच्या स्मरणात उरले नव्हते.

वरचा मजला भाडेकरूचा. भाडेकरू म्हणजे निवृत्त ग्रंथपाल. वृद्ध, एकटे आणि बहुत भिडस्त. बोलण्यापूर्वी घसा खाकरीत, आणि खाकरून जाहल्यावर बोलावे की न बोलावे याचा विचार करीत, आणि तोवर समोरचा मनुष्य निघून जाई. त्यांचा मुलूख म्हणजे एक खोली, एक ओटा, आणि जमिनीपासून छतापर्यंत ग्रंथ. छताजवळील ग्रंथ हाती यावे म्हणोन ग्रंथालयाने निवृत्तीचे समयी त्यांस तेथील जुनी शिडी नजर केली होती. शिडी शिसवी, उंच, आणि पायांस लोखंडी चाके. पुढील सर्व अनर्थ जिच्या पायी जाहला ती हीच.

ग्रंथपालांची रीत ऐसी की शिडीवर चढावे, आणि हवे ते पुस्तक हातापासून लांब असले तर खाली न उतरता कपाटास रेटा द्यावा आणि शिडीसुद्धा धावावे. जो पुरुष रस्ता ओलांडताना पाऊल पुढे टाकून मागे घेई, आणि दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तर तीच घेऊन घरी येई, तो शिडीवर चढला म्हणजे घोड्यावर बसल्या सरदारासारखा दिसे, आणि एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर ऐसा सुटे की पाहणाराने थक्क व्हावे. पाहणारे मात्र कोणी नव्हते. ऐकणारे होते.

कारण वर शिडी धावली की खाली छत गडगडे, आणि छत गडगडले की टेबल थरथरे, आणि टेबल थरथरले की मनगटी घड्याळाच्या पोटातील केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यातून सुटून अंतर्धान पावे. मग घड्याळजी हाती लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर येत, आणि गिऱ्हाईक दारातून विचारी की मालक नमस्कार कोणाला घालताहेत.

वरच्यांचेही दुःख लहान नव्हते. तास भरला की खालची घड्याळे टोल देत. एकसाथ देती तरी सोसवते. परंतु ती दुरुस्तीस आलेली, प्रत्येकाचे मत निराळे. एक थांबे तो दुसरे सुरू होई, आणि दुसऱ्याचे पुरते न होता तिसरे मध्येच बोले. ऐसे बारा वाजले म्हणजे बहुत वेळ वाजतच राहत, आणि ग्रंथपाल पानाच्या मध्यावर असत ते माघार घेऊन पुन्हा पानाच्या आरंभी मुक्काम करीत.

मग घड्याळजींनी खलिता लिहून दाराखालून सरकविला. मजकूर येणेप्रमाणे: "शिडीला चाकं आहेत. माझ्या स्प्रिंगा उडतात. काय करता ते कळवा."

ग्रंथपालांनी खलिता वाचिला आणि त्यांस मनापासून पटला. उत्तर द्यावे म्हणोन बसले. पहिला मसुदा लिहिला तो फार दीन वाटला. दुसरा लिहिला तो उर्मट वाटला. तिसऱ्यात शिडीचा पूर्वेतिहास आला आणि चाकांपर्यंत पोचण्यापूर्वीच कागद संपला. मग हातून जन्माच्या सवयीने एक गोष्ट घडली. ग्रंथपालांनी त्या पत्रावर कोपऱ्यात क्रमांक घातला, आणि 'उत्तर द्यावयाची पत्रे' ऐसी चिठ्ठी लाविलेल्या खणात ते जपून ठेविले, आणि खण लाविताच चित्तास स्वस्थता आली. कारण जी वस्तू आपल्या योग्य जागी ठेविली ती मार्गी लागली, ही त्यांची हयातभराची समजूत. पत्र योग्य जागी होते. काम जाहले होते.

खाली घड्याळजी उत्तराची वाट पाहत राहिले. दाराखाली पाहत, टपालपेटीत पाहत. मग वाट पाहणे संपून अपमान सुरू जाहला, आणि येणाऱ्या जाणाऱ्या गिऱ्हाइकांस ऐकवू लागले, "एवढी पुस्तकं वाचली, पण चार ओळींचं उत्तर द्यावं हे काही कुठल्या पुस्तकात सापडलं नाही!"

येथून युद्धास तोंड लागले. घड्याळजींनी दुकानातील सर्वांत थोर घड्याळ, ज्याचा टोल ऐकून गल्लीतली मांजरे वाट बदलीत, ते बरोबर ग्रंथपालांच्या खाटेखाली येईल ऐसे छताजवळ नेऊन टांगिले. त्यावर ग्रंथपालांनी, टोल सुरू होताच, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत शिडी मुद्दाम हाकली. आणि हे आपल्या हातून काय जाहले म्हणोन घाबरून खाटेवर बसले आणि पाणी प्याले. जिन्यावरचा दिवा त्याच सुमारास गेला. तो घरमालकाने बदलावा की भाडेकरूने, याविषयी दोन्ही पक्षांची मते ठाम होती, परंतु मत सांगावयास बोलावे लागते; म्हणोन दोघेही हाती बॅटरी घेऊन अंधारात चढउतार करीत, आणि समोरासमोर आले तर एकमेकांच्या तोंडावर झोत टाकून मुकाट पुढे जात.

अखेर घड्याळजींनी निर्वाणीचा खलिता धाडिला. "करार संपत आला. नवा करायचा नाही. शिडीसकट खाली उतरा."

हे वाचून ग्रंथपाल छतापर्यंतच्या ग्रंथांकडे पाहू लागले. या वयात दुसरे घर पाहावयाचे म्हणजे अनोळखी माणसांच्या दारात उभे राहून घसा खाकरणे आले. आणि इतके ग्रंथ कोण ठेवून घेणार? मग त्यांनी धाकट्या बहिणीस फोन केला. या बहिणीचा लौकिक ऐसा की तिचे बोलणे सुरू जाहले म्हणजे रेडिओवाले आपण होऊन आवाज कमी करीत. ती त्याच दिवशी दाखल जाहली आणि खुर्चीवरील ग्रंथ जमिनीवर उतरवून बसली.

"दादा, माझ्याकडे ये," ती म्हणाली. "पुस्तकं नकोत पण. आमच्याकडे एकच कपाट आहे आणि त्यात इस्त्रीचे कपडे आहेत."

"मग... कोर्टात जावं का?"

"जा की. निकाल लागेल तेव्हा हजर राहायला शिडी असेल. तुझं सांगता येत नाही." मग बहिणीने मसलत सांगितली की कोर्टाबाहेर मध्यस्थी केंद्र म्हणोन एक ठिकाण आहे, तेथे निकाल कोणी देत नाही, दोघांस बसवितात आणि एकमेकांशी बोलावयास लावितात.

"बोलायला?" ग्रंथपाल म्हणाले, आणि त्यांस कोर्ट एकदम बरे वाटू लागले.

परंतु बहीण जिना उतरून दुकानात गेलीसुद्धा. घड्याळजींनी भिंगातूनच पाहून सांगितले की आम्हां दोघांत तिसरे माणूस कशाला, आम्ही दोघे तरी कुठे बोलतो! तेव्हा बहिणीने स्टूल ओढून घेतले आणि कळविले की होकार मिळेतो येथून हालणे नाही, माझ्या घरी आज स्वयंपाक दुसऱ्यांकडे आहे. मग ती आपल्या दादाच्या स्वभावाविषयी, दादाच्या लहानपणाविषयी, आणि दादा शाळेत हजेरीला 'हजर' म्हणावयास लाजे म्हणोन वर्षभर गैरहजर कसा लागला, याविषयी बोलू लागली. मध्ये तास भरून समस्त घड्याळे वाजू लागली, तरी तिने आवाज चढवून त्यांवर मात केली. ऐसी शिकस्त त्या घड्याळांची पूर्वी कधी जाहली नव्हती. घड्याळजींनी होकार दिला.

मग त्या केंद्रातील मध्यस्थीणबाईंचा दोहींकडे निरनिराळा फोन आला. फर्मान ऐसे की भेटीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने दुसऱ्यासाठी सद्भावनेची एक लहान गोष्ट करावी आणि ती बोलून दाखवू नये.

ग्रंथपालांनी सायंकाळी बहुत विचार करून आपले समस्त लोकरी मोजे काढिले आणि शिडीच्या चाकांवर चढवून सुतळीने घट्ट आवळिले. शिडी ढकलून पाहिली. मांजरासारखी गेली. खाली घड्याळजींनी त्याच वेळी एकेका घड्याळाचा लंबक हाताने धरून थांबविला, आणि मनगटावरचे घड्याळही त्या भरात काढून बंद केले. दुकान ऐसे निपचित पडले की घड्याळजींस आपल्याच कानांची शंका आली.

दुसरे दिवशी सकाळी दरबार भरावयाचा. ग्रंथपाल निजले होते. निवृत्त जाहल्यापासून त्यांस गजराचे घड्याळ ठाऊक नव्हते. खालचे टोल ऐकून चरफडत उठणे हीच त्यांची दिनचर्या. त्या दिवशी चरफडावयास काही नव्हते, म्हणोन ते निजूनच राहिले. मग दारावर ऐसी थाप पडली की चौकट हालली. ग्रंथपाल धडपडत उठून दार उघडितात तो समोर खासे घड्याळजी, केस विस्कटलेले, भिंग कपाळावर.

"आहात ना?" घड्याळजी धापा टाकीत म्हणाले.

"कुठे?"

"कुठे काय, अहो! आहात ना, एवढंच विचारतोय! सकाळपासून शिडी वाजली नाही. म्हटलं, गेला की काय माणूस!"

ग्रंथपालांनी घसा खाकरला, परंतु विचार करावयास सवड नव्हती म्हणोन बोलूनच टाकिले. "टोल पडले नाहीत... म्हणून मी उठलोच नाही. किती वाजले?"

घड्याळजींनी मनगट पाहिले. मनगट मोकळे. "मला काय माहीत! सगळी बंद केली आहेत मी तुमच्यापायी!" ऐसे गर्जून त्यांनी जीभ चावली, कारण बोलून दाखवू नये ऐसे फर्मान होते. इतक्यात त्यांची दृष्टी खोलीत गेली. तेथे शिडी उभी, चाकांवर चौकड्यांचे मोजे. आणि येथे ग्रंथपाल उभे, थंडगार फरशीवर अनवाणी. चढलेली भुवई प्रथमच खाली आली.

"चला," घड्याळजी म्हणाले. "उशीर झालाय. किती, ते देव जाणे."

मग दोन्ही सेनापती एकाच वाटेने कूच करिते जाहले. कोपऱ्यावर घड्याळजींनी एका गृहस्थास थांबवून वेळ विचारिली. गृहस्थ म्हणाले, "तुम्ही मला विचारताय? माझं घड्याळ कधीपासून तुमच्याकडेच आहे की!" ग्रंथपालांस हसू आले ते त्यांनी खोकल्यात दडविले, आणि घड्याळजींनी पाहून न पाहिल्यासारखे केले.

मध्यस्थी केंद्र म्हणजे एक खोली, एक गोल टेबल, पाण्याचा जग, आणि भिंतीवर बंद पडलेले घड्याळ, ज्याकडे घड्याळजी आले तैसे पाहू लागले ते अखेरपर्यंत पाहतच होते. बहीण आधीच पोचून दुसरा चहा घेत होती. मध्यस्थीणबाई प्रौढ, शांत, चष्मा दोरीने गळ्यात अडकविलेला. पक्ष फारच चिडले असतील तर निरनिराळे बसवावे म्हणोन त्यांनी दोन दालने सिद्ध ठेविली होती. परंतु पक्ष एकदम आले, आणि एकाच दारातून आधी कोणी जावे यावरून "तुम्ही, तुम्ही" करीत दारातच अडकले, तेव्हा बाईंनी दुसऱ्या दालनाची किल्ली मुकाट पर्सेत टाकिली.

मग बाईंनी रिवाज सांगितला. येथे न्यायनिवाडा नाही. प्रत्येकाने प्रथम आपले नव्हे, दुसऱ्याचे गाऱ्हाणे सांगावे. आणि तो दुसरा 'होय, हेच' म्हणेतो सांगत राहावे.

पहिली पाळी घड्याळजींची. "यांना आवाज आवडत नाही. झालं."

"होय, हेच?" बाईंनी विचारिले.

ग्रंथपाल भिडेने 'होय' म्हणणार होते, परंतु टेबलाखालून बहिणीने पाय दाबिला. "नाही," ते म्हणाले, आणि आपण नाही म्हणालो याचे त्यांस नवल वाटले.

मग पाळी ग्रंथपालांची. उभे राहिले, बसले, घसा खाकरला. दुसऱ्याचे सांगावयाचे म्हणोन की काय, भीड वाटेचना. खाली मान घालून सांगू लागले, "एक माणूस सकाळपासून एका घड्याळावर बसलाय. श्वाससुद्धा हळू घेतोय. स्प्रिंग जागेवर बसणार, आता बसणार, आणि वर कुणीतरी घोडा सोडतं. मग तो माणूस गुडघ्यांवर. गुडघे दुखतात. स्प्रिंग मिळत नाही. गिऱ्हाइकाला काय सांगायचं? आणि त्यानं विचारलं तर वरून उत्तरही नाही..."

"अहो, असू द्या," घड्याळजी भिंग पुसत म्हणाले. "तेवढे काही गुडघे दुखत नाहीत."

"होय, हेच?" बाई म्हणाल्या.

"हेच हो. जरा जास्तच चांगलं."

आता घड्याळजींस ईर्ष्या चढली. खुर्ची मागे लोटून म्हणाले, "थांबा, माझं पहिलं रद्द! हा माणूस वाचतोय. गोष्टीत रात्रभर पाऊस, कुणीतरी दार वाजवतंय, हा उघडणार, आणि तेवढ्यात खालून ठण! दारात कोण ते कळतच नाही. पुन्हा पहिल्यापासून पाऊस! अन्याय आहे हा! ती घड्याळं बंदच केली पाहिजेत!"

"बंद कशी करता?" ग्रंथपाल उसळले. "टोल वाजल्याशिवाय दुरुस्ती झाली हे कळणार कसं? तुमचा धंदा आहे तो!"

"माझ्या धंद्यात तुम्ही पडू नका! शिडी धावलीच पाहिजे!"

"मुळीच नाही धावणार! टोल पडलेच पाहिजेत!"

ऐसे घनघोर युद्ध जाहले. दोन्ही सेनांनी निशाणे बदलिली, आणि प्रत्येक जण शत्रूच्या तटावर चढून आपल्याच किल्ल्यावर मारगिरी करू लागला. बाईंनी टिपणाच्या कागदावर 'घरमालक' आणि 'भाडेकरू' ऐसे दोन रकाने पाडिले होते, ते खोडून पुन्हा लिहिले, मग पुन्हा खोडिले, आणि अखेर पेन खाली ठेविले. बहीण ओरडली, "दादा, तू नक्की कुणाकडून आहेस?"

ग्रंथपालांस ते ऐकू गेले नाही. शिडीवर येई तो आवेश त्यांस भूमीवर प्रथमच आला होता. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "माझ्यामुळे एवढ्या स्प्रिंगा गेल्या! मी घर सोडतो!"

"सोडून दाखवा!" घड्याळजी कडाडले. "नोटीस माझी आहे! मी मागे घेतो! काय करायचं ते करा!"

टेबलावरील जगातले पाणी हलले आणि मग स्थिर जाहले. बाईंनी हळूच पेन उचलून तेवढे लिहून घेतले, कोणाचा विचार बदलण्यापूर्वी.

परंतु घड्याळजी बसले नाहीत. खिशातले भिंग चाचपीत, आवाज एकदम उतरवून म्हणाले, "ते सगळं ठीक. पण पत्राचं उत्तर का दिलं नाहीत? रद्दीत टाकलंत ना?"

"नाही हो!" ग्रंथपाल घाबरून म्हणाले. "नीट ठेवलंय. वर नंबर घातलाय. उत्तर लिहीत होतो, जमेना. कधी फार लांब व्हायचं, कधी... वाटायचं, तुम्ही वाचून म्हणाल, एवढंही धड येत नाही."

घड्याळजी खुर्चीवर बसले. "अहो साहेब," ते म्हणाले, "'पत्र मिळालं' एवढं चाललं असतं मला."

त्यावर बहिणीनेही काही भाषण केले नाही, हे मुद्दाम नमूद करावे ऐसे.

मग तहनामा जाहला. कलमे येणेप्रमाणे. शिडीच्या चाकांस घड्याळपेटीतील बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, घड्याळजींनी स्वहस्ते लावावी आणि मोजे ग्रंथपालांस परत जावे. थोर घड्याळ छताजवळून खाली उतरावे. दुपारच्या जेवणापासून सायंकाळच्या चहापर्यंत टोल बंद, म्हणजे दारात कोण आले ते वाचणारास कळेल. सकाळी मात्र एक घड्याळ वाजावे, म्हणजे वरचे उठतील; आणि उठल्यावर त्यांनी शिडी एकवार जोराने सरकवावी, बनात लाविली तरी खाली ऐकू जाईल इतकी, म्हणजे माणूस आहे हे खालच्यांस कळेल. जिन्यावरचा दिवा एकाने शिडी धरून व दुसऱ्याने चढून बदलावा. कोणी चढावे याविषयी वाद नव्हता. भाडेकरार नवा व्हावा. आणि शेवटचे कलम घड्याळजींच्या आग्रहावरून घातले: पत्रास उत्तर द्यावे, वाईट असले तरी द्यावे.

सह्या जाहल्या. तेव्हा घड्याळजींनी बाईंची परवानगी घेऊन खुर्चीवर चढून भिंतीवरचे बंद घड्याळ उतरविले, काखेत मारिले, आणि दुरुस्त करून पाठवितो म्हणोन सांगितले. बाई म्हणाल्या की ते मुद्दामच बंद ठेविले आहे, लोक येथे वेळ पाहू लागले तर बोलत नाहीत. मग ते पुन्हा जागेवर गेले. परंतु बंद घड्याळ बंदच सोडणारा ऐसा पहिला घड्याळजी तोच.

घरी येताच ग्रंथपालांनी खण उघडून ते पत्र काढिले, आणि शाई भरून उत्तर लिहिले. मसुदा एकच. मजकूर येणेप्रमाणे: "पत्र मिळालं. शिडीला चाकं आहेत, हे खरं आहे. चहाला वर या." लिफाफ्यावर तिकीट चिकटविले, आणि पत्ता घातला तो स्वतःच्याच इमारतीचा, मजला खालचा.

ग्रंथपाल दुकानासमोरून जाताना घड्याळजी भिंगातून पाहून म्हणाले, "काय, कुठे स्वारी?"

"पत्र टाकायला."

"कुणाला?"

"कळेल तुम्हाला," ग्रंथपाल म्हणाले, आणि हातातला लिफाफा पाठीमागे धरून पुढे गेले. हाती दिले असते तर तेथेच संपले असते. परंतु ज्या उत्तराने इतकी वाट पाहावयास लाविली त्याने निदान टपालपेटीपर्यंत तरी चालत जावे, ऐसे त्यांच्या मनाने घेतले.

गल्लीच्या टोकास तांबडी पेटी. ग्रंथपालांनी लिफाफा तोंडाशी नेला आणि थबकले. चहाला 'या' लिहिले, 'यावे' पाहिजे होते काय? आणि कागदास समास सोडिला तो पुरेसा होता काय? पुन्हा लिहून आणावे की काय? इतक्यात मागे दुकानात लंबक सोडिले गेले असावेत, कारण एक घड्याळ वाजले, आणि मग दुसरे, आणि मग समस्त घड्याळे आपापल्या मताप्रमाणे वाजू लागली. ग्रंथपाल दचकले. लिफाफा हातून सुटला आणि पेटीच्या तळाशी जाऊन पडला.

येणेप्रमाणे दोन मजल्यांचे युद्ध संपले, शिडी आणि टोल आपापल्या ठिकाणी कायम जाहले, पत्र रवाना जाहले, आणि ग्रंथपाल फत्ते पावून, पेटीत हात जातो काय हे एकवार पाहून, घराकडे वळले.